गाणं कुणाचं: गाणाऱ्याचं की लिहिणाऱ्याचं?

'एकत्र बसलो की भांडतो, वेगळं काम केलं तर दोघांनाही सुचत नाही. जोडी मोडावी का?' संगीतातली मंडळी मला हे वरचेवर विचारतात.

पुण्यातल्या एका रॉक बँडमधले दोघे मित्र आले होते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). एक गातो, दुसरा गाणी लिहितो, चालीही बांधतो. गायक सांगत होता, ''शब्दांवरून वाद होतात, लयीवरून होतात.'' दुसऱ्याने गुपचूप मोबाइल पुढे केला. कार्यक्रमाचं पोस्टर होतं. गायकाचा मोठा फोटो, खाली प्रायोजकांचे लोगो. ''यात मी कुठे आहे, सांगा ना मॅडम.''

मी त्यांना अमेरिकन रॉक गायक मीट लोफ आणि गीतकार-संगीतकार जिम स्टाइनमन यांची गोष्ट सांगितली. स्टाइनमनने लिहायचं, मीट लोफने गायचं. 1977 चा त्यांचा 'बॅट आउट ऑफ हेल' हा अल्बम तुफान गाजला. पुढे मीट लोफचा आवाज बसला, आणि त्याच्यासाठी लिहिलेली गाणी स्टाइनमनने 1981 मध्ये स्वतःच्या नावाने काढली. 1993 मध्ये दोघं पुन्हा एकत्र आले, पुन्हा अफाट यश. 2006 मध्ये 'बॅट आउट ऑफ हेल' या शीर्षकाच्या हक्कावरून प्रकरण कोर्टात गेलं, शेवटी तडजोड झाली. आणि 2016 मध्ये मीट लोफने परत स्टाइनमनचीच गाणी गायली!

आवाज बसल्याचं ऐकून आमचा गायक एकदम गप्प झाला. मग हळूच म्हणाला, ''माझा गळा गेला तर हा उद्या दुसरा गायक आणेल.'' लेखक त्याच्याकडे बघतच राहिला. आपल्यावाचून याचं अडणार नाही, ही धास्ती दोघांनाही होती आणि लयीवरच्या वादातून तीच बाहेर पडत होती.

'ही ओळ तोंडात बसत नाही' असं गायकाने म्हणावं, लेखकाने चिडावं, त्यातून तिसरीच ओळ निघावी, हे भांडण मला मोलाचं वाटतं. ते मिटवू नका. श्रेय आणि पैसा मात्र तालमीत काढायचा नाही. त्यासाठी वेगळा दिवस ठेवा आणि ठरलेलं लिहून काढा. आपल्या कायद्यातही शब्द, चाल आणि गायन यांचे हक्क वेगवेगळे आहेत. त्यामुळे 'गाणं माझं' म्हणताना दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नव्हतं. या दोघांनी वकिलाकडून करार करून घेतला, तालमी चालू ठेवल्या.

पण वाद गाण्यावरून माणसावर घसरत असेल, चारचौघांत पाणउतारा होत असेल, तालमीला जायच्या विचारानेच पोटात गोळा येत असेल, तर मी थांबायला सांगते. गाणं कितीही चांगलं होत असलं तरी.