चुनखडीचा दगड खात्रीने कसा ओळखावा?

रंगावर जाऊ नका; चुनखडी पांढरी, करडी, पिवळसर, अगदी काळीही असते. आधी पोलादी चाकूने ओरखडा काढा. ती मुख्यतः कॅल्साइट या खनिजाची (कॅल्शियम कार्बोनेट), कठीणता मोह्सच्या 1 ते 10 या मापनावर 3, म्हणून सहज ओरखडते. मग ताज्या फुटलेल्या भागावर 10 टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाका (चष्मा आणि हातमोजे घालूनच). लगेच जोरात फसफसते, तो कार्बन डायऑक्साइड. डोलोमाइट हा चुनखडीसारखाच दिसणारा दगड मात्र पूड केल्यावरच नीट फसफसतो, तोही मंदपणे.

खरी फसगत वालुकाश्मात होते. त्यातले कण कॅल्साइटने जोडलेले असतील तर तोही फसफसतो! म्हणून फेस बसल्यावर भिंगातून पाहा: वाळूचे कण सुटे होऊन उरले आणि त्यांनी काचेवर चरे पडले, तर ती चुनखडी नव्हे. संगमरवरही असाच फसफसतो, पण त्यात शिंपल्यांचे तुकडे सहसा दिसत नाहीत, एकमेकांत घट्ट गुंतलेले चमकदार स्फटिक दिसतात.