घाट चढणारी डाऊन गाडी

बदली होऊन नुकत्याच मुंबईत आलेल्या एका वाचकाचा प्रश्न आहे : विरार नकाशावर वर, चर्चगेट खाली, मग विरारला जाणारी लोकल ‘डाऊन’ कशी? आणि तिला मराठीत ‘खालची गाडी’ म्हणावं का?

आधी पहिल्या प्रश्नाचं. रेल्वेच्या भाषेत ‘डाऊन’चा नकाशाशी संबंध नाही आणि जमिनीच्या उंचसखलपणाशीही नाही. इंग्लंडमध्ये लंडनकडे जाणारी गाडी ‘अप’ आणि लंडनहून निघालेली ‘डाऊन’, अशी रीत पडली होती. तीच इकडे आली. आपल्याकडे लंडनची जागा मुंबईने घेतली, कारण मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वेंची मुख्यालयं इथेच आहेत. म्हणून सीएसएमटी किंवा चर्चगेटच्या दिशेने येणारी ती अप, तिथून दूर जाणारी ती डाऊन.

याचा सर्वांत सुंदर पुरावा पुण्याच्या वाटेवर मिळतो. मुंबईहून पुण्याला जाणारी डेक्कन क्वीन, क्रमांक १२१२३, ही डाऊन गाडी. कर्जत सोडलं की तिला बोरघाट चढायचा असतो, आणि चढ इतका खडा की मागून जादा इंजिनं लावून गाडी ढकलावी लागते. घाटमाथ्यावर लोणावळ्याला पोचते तरीही ती डाऊनच! सकाळी पुण्याहून निघून तोच घाट उतरणारी १२१२४ मात्र अप.

म्हणूनच ‘खालची गाडी’ म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे. मराठीतलं वर-खाली पायांना कळतं. कोकणातला माणूस वर घाटावर जातो, घाटावरचा खाली कोकणात उतरतो. पुण्याला निघालेल्या गाडीला खालची म्हटलं तर मराठी कानाला ते उलटंच वाटेल. रविवारच्या मेगाब्लॉकच्या बातमीतही हाच विवेक दिसतो : ‘माटुंगा ते मुलुंड अप व डाऊन धीम्या मार्गांवर ब्लॉक’. स्लो, फास्टचं धीमा, जलद झालं. अप, डाऊन तसेच राहिले, आणि ते योग्यच झालं.

याच वाक्यातलं व्याकरणही बघण्यासारखं आहे. ‘धीमा’ आकारान्त विशेषण, म्हणून ‘मार्गांवर’च्या आधी त्याचं ‘धीम्या’ झालं. ‘डाऊन’ मात्र लाल, जड, जलद यांच्या पंगतीत बसलं : डाऊन गाडी, डाऊन मार्ग, डाऊन गाडीतून. लिंग-वचन बदललं तरी ते हलत नाही. सिस्टिम डाऊन, बॅटरी डाऊन, मूड डाऊन ही वेगळी अर्थच्छटा आहे, तिच्यात दिशा नाही.

दिशेचा अर्थ मुंबईकरांनी मात्र पुढे नेला. सकाळी नालासोपारा-वसईचे काही प्रवासी आधी डाऊन गाडीने विरारला जातात आणि तिथे न उतरता त्याच गाडीने चर्चगेटकडे निघतात, बसायला जागा मिळावी म्हणून. याला ‘डाऊन करून येणं’ म्हणतात. इथे विशेषणाच्या मागची गाडी गळाली आणि ‘करणं’ जोडून क्रियापद तयार झालं. विरारला चढणारे आणि ‘डाऊन करून आलेले’ यांच्यात जागेवरून खटके उडतात, तेव्हा तर हा शब्द जवळजवळ जातवाचक होतो : “हे सगळे डाऊनवाले!”

मुंबईबाहेर ‘अपडाऊन’ हा जोडशब्दही रुळला आहे. “नोकरी नाशिकला, घर निफाडला, रोज अपडाऊन करतो.” प्रवास एसटीचा असला तरी चालतो, कुठलं टोक अप आणि कुठलं डाऊन, हे तिथे कुणी विचारतही नाही. लिंग नपुंसक, वचन एक : रोजचं अपडाऊन. लिहिताना मी तो सलग लिहितो. दोन दिशा वेगळ्या दाखवायच्या असतील तिथे ‘अप व डाऊन’ लिहावं.

आणि फलाटावर कुणी वाट विचारली, तर सरळ ‘विरारकडची गाडी’ म्हणा. तिथे अप-डाऊनची गरज पडत नाही.