त्या डीएमला उत्तर देण्याआधी

अरे,

तुझा मेसेज काल रात्रीच बघितला, पण लिहायला बसलो असतो तर झोप उडाली असती म्हणून आज लिहितोय. फोटो भारी आलाय, दार्जिलिंगकडच्या रिंबिकच्या लॉजबाहेर दिव्याखाली असा नर स्टॅग बीटल, म्हणजे शिंगांसारख्या जबड्यांचा भुंगा, मिळणं म्हणजे नशीबच, आणि जबडे काय टिपलेस! आता त्याखाली कुणीतरी परदेशी अकाउंटवरून 'लोकेशन?' विचारलं, मग डीएममध्ये पैशांचं काढलं, आणि तू मला विचारतोस, सर, किडाच तर आहे, काय बिघडलं?

त्याला तुझ्याकडून भुंग्याच्या आधी पत्ता हवाय रे. भुंगे जमवणाऱ्या या हौशी लोकांत लेबलवर जागा, उंची, तारीख आणि 'वाइल्ड' असं लिहिलेलं असलं की भाव चढतो. जपानमध्ये तर १९९९ साली ८० मिलीमीटरचा एक भुंगा १ कोटी येनच्या घरात गेला होता, आणि आपल्या हिमालयातल्या डॉर्कस अँटियस या स्टॅग बीटललाही तिकडे गिऱ्हाईक आहे. तू जागा सांगितलीस की पुढच्या सीझनला तिथे किडे ओढायला पांढरी चादर आणि मोठा बल्ब लागलाच समज.

तेवढ्यावर थांबलं तरी बरं. यांची अळी कुजक्या ओंडक्यात कधी दोन-दोन, तीन-तीन वर्षं लाकूड खात वाढते, म्हणून मग कुऱ्हाडी घेऊन ओंडकेच फोडतात. मी एकदा असा फोडलेला ओंडका बघितलाय, भुसा सगळीकडे, आणि त्यात एकच राहून गेलेली अळी, आपल्या शेतातल्या हुमणीसारखी वळलेली, उन्हात काळी पडत चाललेली. पुन्हा तसं मुरलेलं लाकूड व्हायला किती वर्षं जातात!

मी काही साधू नाही हां. लहानपणी बाभळीवरची सोनपाखरं काडेपेटीत मीही ठेवलीत, पाला घालून.

कायद्याचं थोडक्यात. ज्या सिंगालीला नॅशनल पार्कातून तू ट्रेक करून आलास तिथेच जून २००८ ला दोन चेक माणसं किड्यांसकट पकडली, एकाला ३ वर्षांची शिक्षा झाली, दुसरा चांगला शास्त्रज्ञ, त्याला २० हजार दंड. केनियात २०२५ ला बेल्जियमची १९ वर्षांची दोन पोरं ५ हजार मुंग्यांसकट सापडली, दंड प्रत्येकी १० लाख शिलिंग. तुझ्याच वयाची की! रिंबिक पार्कच्या बाहेर आहे म्हणशील, पण परदेशी माणसाला असा जीव द्यायचा तर जैवविविधता कायद्याची परवानगी लागतेच.

तर त्याच्याशी भाव करत बसू नकोस, गंमत म्हणूनसुद्धा नको. स्क्रीनशॉट काढ, अकाउंट रिपोर्ट कर, ब्लॉक कर. पोस्टवरचं लोकेशन काढून फक्त 'दार्जिलिंग जिल्हा' ठेव, आणि कॅप्शनमध्ये लॉजचं नाव टाकलंयस ना, तेही उडव. जुन्या पोस्टही बघ एकदा.

आणि मादी दिसली होती का तिथे? छोट्या जबड्यांची असते, तिचा फोटो कुणी काढतच नाही. असला तर पाठव.