रीफ टाकी परवडेल, पण आधी पॉलिसीचं कोष्टक काढा

वाचकाचं पत्र (थोडं आखडून): घरात ६० लिटरची खाऱ्या पाण्याची रीफ टाकी (प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवायची) करायची आहे. दुकानात तयार संच मिळतो आहे. त्यात टाकी, दिवा, पंप, स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र), हीटर, पाण्यात घालायच्या द्रव्यांच्या बारा बाटल्यांचा खोका आणि तीन वर्षांची वाढीव हमी आहे. २४ बिनव्याजी हप्ते. सुटे भाग रोखीने घेतले तर स्वस्त पडतात असंही ऐकलं. कोणतं बरं? दुसऱ्या वर्षापासून प्रवाळाचे तुकडे विकून टाकीचा खर्च टाकीच काढेल असा अंदाज आहे. अडीअडचणीची चिंता नाही, त्यासाठी दोन वर्षांपूर्वी वीस वर्षांची विमा पॉलिसी घेतली आहे, ती केव्हाही मोडता येते. घरात मी एकटाच कमावता, पत्नी आणि लहान मुलगी आहे.

नमस्कार,

तुमच्या रकमा इथे छापत नाही. तुमची महिन्याची मिळकत १०० धरतो आणि बाकी सगळं त्याच मापात मोजतो. घरखर्च ७८, पॉलिसीचा हप्ता १२, उरतात १०. बँकेत ४०. संच हप्त्यांनी ९०, रोखीने ८०. सोबत पाठवलेलं पॉलिसीचं कोष्टकही, म्हणजे ती कोणत्या वर्षी मोडली तर किती परत मिळतं याचा तक्ताही, पाहिला. त्याकडे येतोच.

विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. सुटे भाग, रोखीने, आणि आत्ता नाही.

आधी ‘बिनव्याजी’ या शब्दाचा निकाल लावू. रोख किंमत ८०, हप्त्यांनी ९०, वर प्रक्रिया शुल्क २. म्हणजे १२ जादा. कर्ज दर महिन्याला उतरत जातं, त्यामुळे दोन वर्षांत सरासरी ४०च तुमच्याकडे उधार असतात. ४० वर दोन वर्षांत १२, म्हणजे वर्षाला पंधरा टक्क्यांच्या आसपास. व्याज आहेच, फक्त ते किमतीच्या पोटात घातलं आहे.

आता त्या संचात काय आहे ते बघा. ६० लिटरच्या टाकीत दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं तर स्किमर लागतच नाही, आणि संचातले छोटे स्किमर बहुधा आवाज करण्यापलीकडे फारसं काही करत नाहीत. बारा बाटल्या हा तर निव्वळ नफ्याचा खोका. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल सोसण्याची ताकद) खर्च होतात ती सांगाडा बांधणाऱ्या प्रवाळांमुळे, आणि ठरलेल्या प्रमाणात: २० पीपीएम (दशलक्षात २० भाग) कॅल्शियममागे २.८ डीकेएच (अल्कलिनिटीचं माप). तुम्ही सुरुवात मशरूम, लेदर आणि झोअँथिड या मऊ प्रवाळांनी करणार. त्यांची ही भूक इतकी कमी असते की पाणी बदलताना येणारं ताजं मीठ ती भागवतं. मोजल्याशिवाय बाटल्या ओतणं हाच नव्या टाकीत पाण्याची घडी बिघडवण्याचा हमखास मार्ग. वाढीव हमी पंपाच्या मोटरची आहे, हीटर त्यातून वगळला आहे, आणि जनावरांचा तर उल्लेखच नाही. हीटर वगळणाऱ्याला धंदा कळतो, कारण सगळ्यात आधी तोच दगा देतो.

दिव्याचे वॅट विचारू नका, पार विचारा, म्हणजे प्रवाळापर्यंत पोचणारा उपयोगी प्रकाश. मऊ प्रवाळांना ५० ते १०० पुरतो. अ‍ॅक्रोपोरासारख्या दगडी प्रवाळांना २०० च्या वर लागतो, आणि तिथून खर्चाची पायरीच बदलते. माहितीपत्रकातले झगमगते रंग निळ्या दिव्याखाली काढलेले असतात, पांढऱ्या उजेडात तेच प्रवाळ तपकिरी दिसले तर फसवणूक झाली असं समजू नका.

आता संचात काय नाही. आरओडीआय फिल्टर (नळाचं पाणी पूर्ण शुद्ध करणारा) नाही. नळाच्या पाण्यातले फॉस्फेट, नायट्रेट, सिलिकेट, क्लोरीन आणि पाइपांतून आलेलं तांबं यांच्यामुळे शेवाळ फोफावतं आणि गोगलगायी मरतात, म्हणून टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य असलेलं पाणी हवंच. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं साधन) नाही, तोही ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावणावर जुळवलेला हवा. काट्याच्या स्वस्त हायड्रोमीटरला बुडबुडा चिकटला की आकडा खोटा. हीटरसाठी बाहेरचा तापमान-नियंत्रक नाही. मीठ नाही, खडक नाही. म्हणजे तुमचे ८० हे ८० नाहीतच, शंभरी ओलांडणार. हेच सुटं जमवलं तर ६० मध्ये बसतं: टाकी आणि स्टँड ११, दिवा १५, आरओडीआय ९, खडक आणि वाळू ९, दोन छोटे पंप ५, हीटर आणि नियंत्रक ५, मोजमापाची साधनं ५, मीठ १. ठिकाणाप्रमाणे हे थोडं इकडेतिकडे होईल. स्टँडवर काटकसर नको. पाणी, खडक, वाळू आणि काच मिळून ८० ते ९० किलोचा भार तो वर्षानुवर्षं पेलणार आहे.

चालू खर्च तुम्ही ‘महिन्याला जेमतेम १’ लिहिला आहे. इथे अंदाज सुटला. ६०×३०×३६ सेंटिमीटरच्या टाकीत खडक-वाळू घातल्यावर पाणी साधारण ५० लिटर उरतं. आठवड्याला ६ लिटर बदलायचं, लिटरला सुमारे ३७ ग्रॅम मीठ, म्हणजे आठवड्याला २२० ग्रॅम. वर्षाला साडेअकरा किलो, सुरुवातीचे दोन किलो वेगळे. दिवा ५० वॅटचा, रोज ९ तास. पंप दहा वॅटचे, चोवीस तास. हीटर सरासरी २० वॅट. दिवसाला सव्वा युनिटच्या आत-बाहेर, महिन्याला ३५ ते ४० युनिट. खोली तापत असेल तर पंख्याच्या वाऱ्याने पाणी दोन-तीन अंश उतरतं, त्याने भागलं नाही तर चिलर (पाणी थंड करणारं यंत्र), आणि चिलरचं बिल बाकी सगळ्यांच्या बेरजेहून मोठं असू शकतं. यात फिल्टरचं रेझिन, टेस्ट किट (त्यांनाही मुदत असते), खाद्य आणि मेलेल्याच्या जागी आणलेलं जनावर मिळवा. महिन्याला ३ धरा.

प्रवाळ विकून हे ३ निघतील? नाही. फ्रॅग (विकायचा प्रवाळाचा तुकडा) कापला की बूड धरून नीट दिसायला सहा ते आठ आठवडे जातात. तुमच्या टाकीत बाकीच्यांवर सावली न पाडता पंधराएक फ्रॅग मावतील. मऊ प्रवाळ भराभर वाढतात, आणि म्हणूनच ते प्रत्येकाकडे जास्तीचे असतात. ज्यांना भाव आहे ते सावकाश वाढतात आणि वेगळा दिवा मागतात. दुकानदार घेईल, पण रोख देणार नाही, मिठाच्या पिशवीत वळतं करेल. दगडी प्रवाळ साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत, त्यामुळे बाळगणं आणि विकणं याबाबत तुमच्याकडचा कायदा आधी तपासा आणि खरेदीची पावती जपा. काही झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय कापायचं नाही, आणि ते चिकटलेला खडक कधीही उकळायचा नाही. घरात लहान मूल आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. उत्पन्नाच्या रकान्यात शून्य लिहा. मीठ सुटलं तर सुटलं.

आता तुम्ही न विचारलेलं.

‘पॉलिसी केव्हाही मोडता येते’ हे वाक्य तुम्हाला कुणी ऐकवलं ते उघड आहे. मोडता येते हे खरं. मोडल्यावर हातात काय येतं ते त्याने सांगितलं नाही. दोन वर्षांत तुम्ही १२ × २४ = २८८ भरले. तुमच्याच कोष्टकात दोन वर्षं पूर्ण झाल्यावरची सरेंडर किंमत भरलेल्या हप्त्यांच्या ३० टक्के आहे, म्हणजे ८६. तुम्ही मनात २८८ धरून बसला आहात. बँकेतले ४० मिळवून १२६ होतात, घरखर्च ७८. पगार थांबला तर सात आठवडे. तेही सरेंडरचा अर्ज, पडताळणी आणि पैसे जमा होईपर्यंत ४० वर तग धरलात तर.

विमा म्हणून ती कशी आहे? तुमच्यामागे कुटुंबाला १,४४० मिळतील. एकट्या कमावत्याच्या घरात ही रक्कम घरखर्चाला दीड वर्षसुद्धा जेमतेम पुरते, आणि मुलगी अजून लहान आहे. दहा वर्षांच्या मिळकतीइतकं, म्हणजे १२,००० चं संरक्षण हवं. शुद्ध मुदत विम्यात तुमच्या वयाला ते दीडच्या आसपास मासिक हप्त्यात मिळायला हरकत नाही. त्यात शेवटी काही परत मिळत नाही, म्हणून विकणाऱ्याला तो दाखवावासा वाटत नाही.

गुंतवणूक म्हणून? वीस वर्षांत २,८८० भराल आणि अंदाजे ४,७०० मिळतील. ऐकायला दीडपटीहून जास्त, प्रत्यक्षात वर्षाला साडेचार टक्के. गेलेलं गेलं असं धरून फक्त पुढचा हिशेब केला (आज ८६ सोडायचे, अठरा वर्षं १४४ भरायचे, शेवटी ४,७००) तर साडेपाच टक्के पडतात. हा आकडा भयंकर नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण तो मिळवण्यासाठी अठरा वर्षं एकही हप्ता चुकता कामा नये, आणि तुमच्याकडे सात आठवड्यांची शिदोरी आहे. ज्याच्याकडे रोकड नाही त्याने बांधून घेणारी योजना घेऊ नये, मग परतावा साडेपाच असो की साडेसात.

टाकीच्या संदर्भात हे का महत्त्वाचं? कारण रीफ टाकीचा खर्च थांबवता येत नाही. सहल रद्द होते, फोन आणखी वर्षभर चालवता येतो. टाकीतलं पाणी रोज पाऊण लिटर उडतं आणि मीठ मागेच राहतं. चार दिवस कुणी गोडं पाणी घातलं नाही तर ३५ पीपीटीचं ३७ च्या वर जातं. (भर नेहमी आरओडीआयच्या गोड्या पाण्याची, खाऱ्याची नाही. आपोआप भरणारं यंत्र लावलंत तर त्याची साठवण पाच लिटरपुरतीच ठेवा, झडप अडकली तर तेवढंच ओतलं जाईल.) हीटर चालू अवस्थेत अडकला आणि तो १०० वॅटचा असेल, तर ५० लिटर पाणी तासाला दीड अंशाहून जास्त वेगाने चढतं. ५० वॅटचा असेल तर वेग निम्मा, म्हणून लहान हीटर घ्या आणि तोही नियंत्रकावर. वीज गेली की आधी संपतो तो प्राणवायू. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ही इथली सगळ्यात स्वस्त विमा पॉलिसी. या प्रत्येक प्रसंगी पैसे त्याच दिवशी लागतात, सरेंडरच्या अर्जाने काम भागत नाही.

तेव्हा क्रम असा. मुदत विमा आधी घ्या. तो मंजूर होऊन कागद हातात आल्याशिवाय जुनी पॉलिसी सोडू नका. तपासणीत काही निघालं आणि नवा विमा नाकारला गेला तर तेच १,४४० कामाचे. कागद आला की पॉलिसी सरेंडर करा. नुकसान २०२. ते सोसवत नसेल तर हप्ते थांबवून पॉलिसी नुसती चालू ठेवण्याची सोय कोणत्या वर्षापासून आहे ते अटींत वाचा, पण तिसऱ्या वर्षाचे १४४ आणखी भरल्याशिवाय ती मिळत नसेल तर त्या फंदात पडू नका.

मग महिन्याला १२ मधून मुदत विम्याचे दीड गेले, साडेदहा उरले, वर आधीचे १०. म्हणजे २०. घरखर्चाचे चार महिने म्हणजे ३१२. हातात १२६, कमी पडतात १८६. नऊ-दहा महिने. हे पैसे बचत खात्यात किंवा हव्या त्या दिवशी मोडता येणाऱ्या ठेवीत. परताव्याची चौकशी इथे करायची नाही.

हे नऊ महिने टाकीसाठी वाया जात नाहीत, उलट कारणी लागतात. जिवंत (जिवाणू आधीच वसलेला) खडक महाग, कोरडा स्वस्त, आणि कोरड्याची एकच अडचण म्हणजे त्यावर अमोनिया पचवणारे जिवाणू वसायला वेळ लागतो. तो वेळ आता तुमच्याकडे आहे. सहा किलो कोरडा खडक, झाकणाचा मोठा टब, एक पंप, हीटर आणि त्याचा नियंत्रक, आरओडीआय फिल्टर, मोजमापाची साधनं, मीठ. हे सगळं पुढे टाकीत वापरायचंच आहे, २५ च्या आसपास बसेल, म्हणजे राखीव पैशांना सव्वा महिना उशीर. ३५ पीपीटी, २५ अंश, झाकण लावून अंधार. अमोनियम क्लोराइडने अमोनिया २ पीपीएमपर्यंत न्या. तो आणि नायट्राइट चोवीस तासांत शून्यावर यायला लागले की खडक तयार झाला. त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पुढे जिवाणू टिकवण्यापुरती अधूनमधून थोडी मात्रा द्या, फॉस्फेट मोजा, खडक ते सोडत असेल तर पाणी बदला. एरवी पहिल्या चार महिन्यांत टाकीत जे तपकिरी आणि हिरवं केसाळ शेवाळ माजतं आणि ज्यावर लोक बाटल्या ओततात, त्यातलं बरंच या टबात अंधारात निस्तरतं.

राखीव पैसे पूर्ण झाले की टाकी, वाळू, दिवा आणि दुसरा पंप घ्या, खडक आत ठेवा आणि आधी गोगलगायी सोडा. दोन-तीन आठवड्यांनी एक मशरूम आणि एक लेदर. मासे म्हणजे पैदास केलेल्या क्लाऊनफिशची एक जोडी, फार तर एक गोबी. आधी वेगळ्या डब्यात महिनाभर निगराणीत ठेवा. मुख्य टाकीत पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी शिरला तर ती ७६ दिवस माशांविना ठेवावी लागते, आणि तांब्याचं औषध तिथे घालता येत नाही, कारण त्याने प्रवाळ आणि गोगलगायी मरतात. निळा टँग मासा मुलगी मागेल. त्याला तुमच्या टाकीच्या सहा-सात पट पाणी लागतं, तेव्हा नाही म्हणा. मँडरिन मासाही नको, कोपेपॉड (त्याचं खाद्य असलेले बारीक जीव) संपले की तो उपाशी मरतो.

दुकानदाराला संचासाठी आगाऊ रक्कम दिली असेल तर आजच परत मागा. तो मिठाची पिशवी देऊ करेल. त्या रकमेला आरओडीआय फिल्टर देत असेल तरच ऐका.