सोसायटीच्या बायोगॅस टाकीत गॅस घटला, तर दोष विषाणूंचा असू शकतो का?

घोडबंदर रोडच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याच्या टाकीचा गॅस अचानक घटला, तर विषाणूंवर संशय शेवटी घ्या. टाकीत ते भरपूर असतात, पण बहुतेक जिवाणूभक्षक, म्हणजे फेज. एक फेज सहसा एकाच जातीच्या, कधी तर एकाच वाणाच्या जिवाणूंना मारतो. तेच काम करणाऱ्या दुसऱ्या जाती जागा भरून काढतात आणि फुटलेल्या पेशी इतरांचं अन्न होतात. मिथेन, म्हणजे जळणारा गॅस, तयार करणारे आर्किया (जिवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव) मात्र मोजक्या जातींचे. त्यांचेही विषाणू आहेत, त्यामुळे तिथला फटका जास्त लागू शकतो.

तरी आधी टाकीतल्या मिश्रणाचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, मोजा. 6.8 ते 7.4 हवा. तो 6.5 च्या खाली, स्लरीला (टाकीतल्या पातळ मिश्रणाला) आंबूस वास आणि ज्योत बर्नरवर टिकत नसेल, तर आम्ल साचलंय. सणानंतर शिळा भात, मिठाई, लिंबाच्या साली एकदम पडल्या की हेच होतं. भरणं दोन-तीन दिवस बंद करा, खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून थोडा थोडा घाला, पीएच सावरल्यावर निम्म्या कचऱ्याने सुरुवात करा. जिवाणू कमी पडले असतील तर तबेल्यातलं ताजं शेण समप्रमाण पाण्यात कालवून घाला.

आणि हो, 35 अंशांच्या टाकीत माणसाला बाधणारे विषाणू सगळे मरत नाहीत. स्लरी हाताळताना हातमोजे घालाच, पालेभाज्यांना ती कच्ची देऊ नका.