वाचकांचे प्रश्न : कॅमेऱ्याची बॅग घेताना

लेन्स घेताना महिनाभर चौकशी होते आणि बॅग मात्र सगळ्यात शेवटी, रंग बघून घेतली जाते. या अंकासाठी आलेल्या प्रश्नांत बॅगेबद्दलचे बरेच होते. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : माझ्याकडे फुल-फ्रेम मिररलेस बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा), २४-७० एफ/२.८, ७०-२०० एफ/२.८, ५० एमएम अशा तीन लेन्स आणि एक फ्लॅश आहे. किती लिटरची बॅग पुरेल?

लिटरच्या आकड्यावर जाऊ नका. त्यात बाहेरचे खिसे, लॅपटॉपचा कप्पा, वरची मोकळी जागा असं सगळंच धरलेलं असू शकतं. तुम्हाला तीनच मापं हवी आहेत : कॅमेऱ्याच्या कप्प्याची आतली लांबी, रुंदी आणि खोली. बाहेरच्या मापांवरून आतली जागा कळत नाही.

आधी आपलं सामान मोजा. ७०-२०० एफ/२.८ लेन्स बहुतेक वेळा २० ते २२ सेंमी लांब आणि ९ सेंमीच्या आसपास जाड असते. झूम करताना पुढे येणाऱ्या रचनेची असेल तर बंद केल्यावर बरीच आखूड होते. हूड, म्हणजे आडवा प्रकाश अडवायला लेन्सच्या तोंडावर लावायचा कडा, उलटा चढवून ठेवला की जाडी दीड-दोन सेंमीनं वाढते, आणि नेमकं हेच मोजायचं राहून जातं. बॉडीची रुंदी साधारण १३-१४ सेंमी आणि उंची १० सेंमी धरा. म्हणजे आतली खोली १२-१३ सेंमी असेल तर लेन्स लावलेली बॉडी आरामात बसते. तुम्ही खाली बॅटरी ग्रिप (जादा बॅटरीची जोडमूठ) लावत असाल तर तीच उंची १४-१५ सेंमीवर जाते आणि झाकण दाबून चेन लावावी लागते. रोज दाब सोसणारी चेन लवकर जाते, आणि तो दाब कॅमेऱ्याच्या बटणांवर आणि स्क्रीनवरही येतो.

मापं कळली की जुन्या वर्तमानपत्रावर बॅगेच्या आतल्या कप्प्याचा आयत खऱ्या मापात काढा आणि सामान त्यावर मांडून बघा. दोन वस्तूंच्या मध्ये प्रत्येक पार्टिशनसाठी एक सेंमी सोडा. ३० सेंमी रुंदीत दोन उभी पार्टिशनं लावली की तीन गाळ्यांना मिळून २८ सेंमीच उरतात, म्हणजे गाळ्याला नऊच्या थोडं वर. हूड नसलेली ७०-२०० त्यात बसेल, हूडसकट बसणार नाही. तेव्हा हूड वेगळा ठेवायचा की एक गाळा रुंद करून दुसरा अरुंद करायचा, हे कागदावरच ठरवा.

तुमच्या सामानाला टी आकाराची मांडणी चांगली जमेल. बॉडी वरच्या बाजूला मधोमध आणि तिला लावलेली २४-७० मधल्या गाळ्यात खाली तोंड करून. बॉडीच्या खालच्या पातळीपासून एका बाजूला ७०-२०० आणि दुसऱ्या बाजूला फ्लॅश. ५० एमएम फ्लॅशच्या खाली किंवा मधल्या गाळ्याच्या तळाशी मावते.

आणि एक गाळा रिकामा सोडा. लेन्स बदलताना एक हातात असते, एक बॉडीवरून निघालेली असते, आणि निघालेली ठेवायला जागा नसेल तर ती मांडीवर किंवा काखेत जाते. लेन्स पडतात त्या बहुधा अशाच वेळी. रिकामा गाळा असला की निघालेली लेन्स आधी तिथे जाते, मागची कॅप लागते, मग दुसरी बाहेर येते. बॅग ठरवताना ही जागा सामानातच धरा.

घरातलं सगळं सामान मावेल अशी एकच बॅग घेण्याचा मोह मात्र टाळा. नेहमीच्या दिवशी जेवढं बरोबर नेता तेवढ्याची बॅग घ्या. मोठ्या बॅगेतली मोकळी जागा नको त्या लेन्सनी भरते आणि मग बॅगच घरी राहते.

प्रश्न : रस्त्यावरचे फोटो काढते. बॅकपॅक घ्यावी की एका खांद्यावरची स्लिंग?

दोन गोष्टींवर ठरवा : तासाभरात किती वेळा बॅग उघडता, आणि एकूण वजन किती. बॅकपॅकमधून लेन्स काढायची तर ती उतरवायची, कुठेतरी टेकवायची, उघडायची. स्लिंग नुसती पोटावर ओढली की झालं. तुमच्या कामाला स्लिंगच बरी, पण बॅगेसकट वजन तीन किलोच्या आत असेल तरच. बॉडी ७०० ग्रॅम, २४-७० सारखी जड झूम ८०० ग्रॅम, छोटी लेन्स २०० ग्रॅम, जादा बॅटऱ्या आणि पाण्याची छोटी बाटली मिळून ५०० ग्रॅम, आणि बॅग स्वतः ७०० ग्रॅम. एवढ्यातच २,९०० ग्रॅम झाले. वजन अंदाजानं धरू नका. बॅग घेऊन वजनकाट्यावर उभ्या राहा, मग बॅगेशिवाय, आणि वजाबाकी करा.

स्लिंग घेताना झाकण कोणत्या बाजूला उघडतं ते पाहा. बॅग पोटावर असताना झाकण अंगापासून लांब, बाहेरच्या बाजूला पडायला हवं. अंगाच्या बाजूला उघडणारं झाकण पोटाला अडतं, अर्धवटच उघडतं आणि आत काय आहे ते दिसत नाही. पट्टा खांद्यावर किमान पाच सेंमी रुंद असावा आणि कमी-जास्त करायचं बक्कल एका हातानं सरकायला हवं. चालताना पट्टा आखूड हवा म्हणजे बॅग झुलत नाही. काम करताना तोच थोडा सैल लागतो.

प्रश्न : बॅकपॅक चांगल्या दर्जाची आहे, तरी दोन तासांत खांदे भरून येतात. बॅग बदलावी का?

आधी माप आणि बांधणी तपासा. मान पुढे झुकवल्यावर मानेच्या तळाशी जो मणका ठळक हाताला लागतो, तिथून मोजपट्टी धरायची. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवून अंगठे मागे वळवले की अंगठ्यांना जोडणारी रेघ पाठीवर जिथे येते, तिथपर्यंत मोजायचं. ही पाठीची लांबी. मापाला उंची चालत नाही, कारण सारख्या उंचीच्या दोघांच्या पाठी वेगळ्या असू शकतात. खांद्याच्या पट्ट्यांच्या उगमापासून कमरपट्ट्याच्या मध्यापर्यंतचं बॅगेचं अंतर या मापाच्या जवळपास नसेल, तर कमरपट्टा पोटावर येतो आणि सगळं ओझं खांद्यांवर राहतं. अशी बॅग कितीही घट्ट केली तरी नीट बसणार नाही.

माप जुळत असेल तर बांधायचा क्रम बदलून बघा. सगळे पट्टे सैल करून बॅग चढवा. पहिल्यांदा कमरपट्टा, कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेवर बसेल असा आवळा. त्यानंतर खांद्याचे पट्टे, पाठीला चिकटण्यापुरतेच ओढा. मग खांद्यावरून बॅगेच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे असतील तर ते, आणि सगळ्यात शेवटी छातीचा पट्टा. बहुतेक जण उलट्या क्रमानं बांधतात, आणि मग कमरपट्ट्यावर ओझं येतच नाही. कमरपट्टा म्हणजे अडीच सेंमीची नुसती पट्टी असेल तर ती बॅग हलू देत नाही इतकंच. ओझं पेलायला गादी असलेला रुंद कमरपट्टा लागतो.

आतली मांडणीही बघा. सगळ्यात जड लेन्स पाठीला लागून आणि पाठीच्या मधल्या उंचीवर हवी. ती बाहेरच्या बाजूला असेल तर बॅग मागे ओढते, आणि तो ताण भरून काढायला माणूस पुढे वाकतो. ट्रायपॉड बाजूच्या खिशात लावला की बॅग एका अंगाला कलते. समोर मध्यभागी बांधायची सोय असेल तर ती वापरा.

प्रश्न : आतली गादी जितकी जाड आणि मऊ, तितकं सामान सुरक्षित, हे खरं का?

जाड असणं चांगलं, मऊ असणं नव्हे. तळाचा फोम अंगठा आणि तर्जनीत धरून जोरात दाबा. दोन्ही बोटं एकमेकांना जवळजवळ लागली तर तो स्पंजासारखा उघड्या पेशींचा फोम आहे. धक्का बसताच तो पूर्ण चेपतो आणि लेन्स जमिनीवर आदळल्यासारखीच होते. बंद पेशींचा फोम दाबताना विरोध करतो, थोडाच दबतो आणि बोट काढताच मूळ जागी येतो. पार्टिशनला तो ८ ते १० मिमी पुरतो. तळाला याहून जास्त हवा, कारण बॅग खाली टेकवताना रोजचा मार तळच खातो. सामान भरून, चेन लावून बॅग कानाजवळ हळूच हलवा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर गादी कितीही चांगली असली तरी उपयोग नाही.

लांब लेन्स बॉडीला लावून ठेवत असाल तर आधार लेन्सच्या खाली द्या. बॉडी टेकलेली आणि लेन्स अधांतरी, असं असेल तर प्रत्येक हिसका दोघांच्या जोडावर येतो.

पार्टिशनचं वेलक्रो नको तिथे चिकटून वैताग देतं, असंही काहींनी कळवलं आहे. दोन्ही टोकांच्या वेलक्रोवर जाड कागदाची घडी धरा, पार्टिशन जागेवर सरकवा आणि मग कागद ओढून काढा.

प्रश्न : बॅगेवर पाणी-रोधक लिहिलं होतं, तरी पावसात आत ओल आली. फसवणूक झाली का?

कापड बहुधा खरंच पाणी अडवत असेल. पाणी शिवणींतून आणि चेनमधून येतं. सुईच्या प्रत्येक टाक्याला एक भोक असतं, आणि आतून पट्टी चिकटवलेली नसेल तर ती भोकं उघडीच राहतात. दात आत आणि गुळगुळीत बाजू बाहेर असलेली चेन पावसाचे शिंतोडे थोपवते, पण पाण्याचा साठा तिच्यावर राहिला की तीही झिरपते. डेनिअरच्या आकड्यावरूनही पाण्याचं काही कळत नाही. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर. त्यावरून धाग्याची जाडी कळते, बस.

रेनकव्हर जरूर वापरा, पण ते पाठीची बाजू झाकत नाही. मानेवरून ओघळलेलं पाणी पाठ आणि बॅग यांच्या मधून खाली येतं. तुमची बॅग पाठीच्या बाजूनं उघडणारी असेल तर तिथेच चेन असते. शिवाय कव्हरच्या तळाशी पाणी साचून बॅग त्यात बसलेली असते, म्हणून तळाला निचऱ्याचं भोक आहे का ते बघा.

नव्या बॅगेची परीक्षा घरीच घ्या. आत कोरे कागद लावा, बॅग दहा मिनिटं शॉवरखाली ठेवा आणि कुठला कागद कुठे भिजला ते पाहा. मुसळधार पावसात किंवा पाण्यातून जायचं असेल तर सामान आतल्या आत गुंडाळून बंद होणाऱ्या जलरोधक पिशवीत घाला.

प्रश्न : कॅमेरा कायम बॅगेतच ठेवला आणि सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या, तर बुरशीची भीती नाही ना?

आहे. फोम आणि अस्तर ओल धरून ठेवतात, आत अंधार असतो, हवा खेळत नाही. सिलिका जेल आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकी वाफ शोषतं, म्हणजे पाच ग्रॅमच्या पुडीत जेमतेम एक ग्रॅम. कापडी बॅग हवाबंद नसते, बाहेरून वाफ येतच राहते आणि पुडी लवकर भरते. मुक्कामाला सामान घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आत छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि आकडा ४० ते ५० टक्क्यांत राखा. ६० च्या वर तो दिवसेंदिवस राहिला की बुरशीला अनुकूल हवा तयार होते. सिलिका जेलचे केशरी दाणे हिरवे झाले किंवा निळे गुलाबी झाले की ते भरले. पुडीतून काढून १२० अंश सेल्सिअसला तासा-दोन तासांत ते पुन्हा वापरता येतात.

बॅगेचा खरा उपयोग होतो तो थंड खोलीतून दमट हवेत येताना. सामान बंद बॅगेतच अर्धा ते एक तास राहू द्या. लगेच काढलं तर थंड काचेवर दव धरतं.

प्रश्न : विमानात कॅमेऱ्याची बॅग सामानात सोपवावी की बरोबर ठेवावी?

बरोबरच. सुट्या लिथियम बॅटऱ्या सोपवायच्या सामानात चालतच नाहीत. १०० वॅट-तासांपर्यंतच्या (व्होल्ट गुणिले अँपिअर-तास) सहसा परवानगीशिवाय नेता येतात, १०० ते १६० च्या विमान कंपनीला विचारून दोनपर्यंत. कॅमेऱ्याची ७.२ व्होल्ट, २,२८० एमएएचची बॅटरी जेमतेम १६.४ वॅट-तासांची असते, तेव्हा काळजी नको. फक्त धातूची टोकं टोपणानं झाका. वजनाची मर्यादा अनेक कंपन्यांत ७ किलो आहे, आणि रिकामी बॅगच दोन-अडीच किलोची असेल तर सामानाला साडेचार-पाच किलो उरतात. प्रवास जास्त असेल तर रिकाम्या बॅगेचं वजन खरेदीआधीच विचारा.

प्रश्न : चेनचा रनर (दात जोडणारा सरकता भाग) पुढे गेला की मागे चेन उघडी पडते. पूर्ण चेन बदलावी लागेल का?

दात शाबूत असतील तर नाही. दोष बहुधा रनरचा असतो. वापरानं त्याचे दोन ओठ फाकतात आणि दात पुरेसे दाबले जात नाहीत. रनर चेनच्या सुरुवातीला आणा, पक्कडीनं त्याची मागची कड आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला किंचित दाबा आणि चालवून बघा. एकदम जोर लावू नका, रनर तडकतो. दातांतली वाळू जुन्या टूथब्रशनं काढा आणि वर मेणबत्ती घासा. तेल लावू नका, त्यावर धूळ बसते. हा उपाय दोन-तीनदा चालतो, मग रनर बदलून घ्या. त्याच्या पाठीवर ५, ८ किंवा १० असा आकडा असतो. तो बंद चेनच्या दातांची मिलिमीटरमधली रुंदी साधारण सांगतो, आणि नवा रनर त्याच आकड्याचा, त्याच जातीच्या चेनचा लागतो.