पायी दिंडीतला एक दिवस: सवय नसलेल्या माणसाला तो झेपतो का?

आपला प्रश्न असा आहे की, बेळगाव भागातून माघवारीला निघणाऱ्या पायी दिंडीत ओळखीचे कोणी नसताना सामील झाले, तर दिवस कसा जातो आणि रोजचे वीस-पंचवीस किलोमीटर चालणे सवय नसलेल्याला झेपते का. मी बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातला. गेली नऊ वर्षे आमच्या गावच्या दिंडीबरोबर चालतो आहे, म्हणून एकाच दिवसाचा तपशील देतो.

आमच्या गावातून आषाढीला पायी जाणारे थोडे, माघवारीला पुष्कळ. आषाढात भाताची रोपलावण सोडून निघता येत नाही. माघापर्यंत सुगी आणि मळणी उरकून हात मोकळे झालेले असतात. माघ शुद्ध एकादशीला पंढरपुरात असावे या हिशेबाने आम्ही बारा दिवस आधी निघतो. त्यातला पाचवा दिवस, चिक्कोडीहून कृष्णेपलीकडे जाण्याचा, मला सर्वांत आवडतो.

पहाटे चारला काकडा सुरू होतो आणि त्या थंडीत हौदाच्या पाण्याने अंघोळ करावी लागते. चहा आणि मूठभर उप्पीट खाऊन, बिछाने टेम्पोत टाकून, उजाडण्यापूर्वी दिंडी रस्त्याला लागते. पुढे पताका, त्यामागे टाळकरी, मध्ये मृदंग, मागे विणेकरी आणि त्यांच्या मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या महिला, हा क्रम दिवसभर मोडत नाही. हे दिवस ऊस गाळपाचे असल्यामुळे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंगावरून गेल्यासारखे जातात. अंधारात रांग सोडून चालू नये, एवढे मी आग्रहाने सांगेन.

पहिल्या वर्षी मी ती रांग सोडली होती. तरुण होतो, चाल भरभर होती, म्हणून विसाव्याच्या जागी पाऊण तास आधी जाऊन बसलो आणि दिंडी आली तेव्हा पाय इतके आखडले होते की उठताना भिंत धरावी लागली. आमचे विणेकरी मामा तेव्हा सत्तरीचे होते. ते रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, "पुढं जाऊन काय करणार, माउली? पंगत तर सगळे आल्यावरच बसणार." दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या शेजारी, त्यांच्या पावलाने चालू लागलो. अभंगाच्या ठेक्यावर पाऊल पडत असले आणि दर तास-दीड तासाने विसावा असला, की साठीच्या आक्कासुद्धा पंचवीस किलोमीटर चालतात. झेपते का, या प्रश्नाचे माझे उत्तर हेच आहे: एकट्याने चालाल तर कदाचित नाही, दिंडीच्या चालीने चालाल तर बहुधा होय. गुडघ्याचे किंवा हृदयाचे दुखणे असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

दुपारच्या आत अंकली येते. तिथे आमची दिंडी थोडी थांबते, कारण आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीपुढे जे मानाचे अश्व चालतात, ते या गावच्या शितोळे सरकारांचे. हैबतबाबा आरफळकरांनी 1832 च्या सुमारास पालखी सोहळ्याला आजचे रूप दिले, तेव्हा शितोळ्यांनी त्यांना साहाय्य केले आणि ती सेवा त्यांच्या घराण्याकडे राहिली. दरवर्षी ज्येष्ठात हे घोडे इथून आळंदीपर्यंत पायी जातात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो, दुसऱ्याच्या पाठीवर कोणीही बसत नाही, ती जागा माउलींची. ज्या वाटेने आपण चालतो आहोत तिथून तो रिकाम्या पाठीचा घोडाही चालत निघतो, हे मनात आले की माझा हात आपोआप जोडला जातो.

पूल ओलांडून मांजरीच्या बाजूला गेले, की घराघरांतून कानडी अधिक कानी पडते. एका शेतकऱ्याच्या घरी आमची दुपारची पंगत ठरलेली आहे. "बर्री, ऊट माड्री" म्हणत घरातली माणसे हाताला धरून बसवतात आणि ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, दही ताटात पडत राहते. त्या घरातल्या आजोबांना मराठी बोलता येत नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांनी मला आपली वही दाखवली: निळ्या शाईतली कानडी अक्षरे, कडा तेलकट झालेल्या. मला ती लिपी अडखळत वाचता येते, म्हणून वाचू लागलो, तर पानोपानी तुकोबांचे अभंग होते, मराठी शब्द कानडी लिपीत उतरवलेले. त्यांनी त्यातला एक म्हटला आणि आमच्या टाळकऱ्यांनी धरला. सीमाभागात भाषेवरून आम्ही पुष्कळ सोसले आहे आणि मराठी शाळेसाठी मी स्वतः मोर्चात चाललो आहे. तरीही त्या वहीबद्दल मला जी माया वाटते, ती लपवावीशी वाटत नाही.

संध्याकाळी देवळात किंवा शाळेच्या वऱ्हांड्यात मुक्काम, हरिपाठ, आमटी-भात आणि कीर्तन. महिलांची झोपण्याची सोय वेगळी असते, पण शौचालयाची अडचण बऱ्याच मुक्कामांवर आहे, हे आधीच सांगणे बरे. कीर्तनानंतर पाय तपासायचे. नव्या चपला घालून येऊ नका. मी अथणीची नवी कोरी जोडी घालून निघालो आणि दुसऱ्याच दिवशी दोन्ही टाचांना फोड आले. आमच्या आक्का रोज रात्री तेल कोमट करून ज्याचे पाय दुखतात त्याच्या तळव्याला चोळतात. नको म्हटले तरी ऐकत नाहीत.

ओळख नसल्याची काळजी करू नये, पण निघण्याच्या पंधरा दिवस आधी दिंडी चालकांना भेटून नाव द्यावे आणि भिशीची, म्हणजे जेवणखाणाच्या वर्गणीची, रक्कम भरावी, कारण शिधा आणि टेम्पोतली जागा त्या यादीवरून ठरते. एक घोंगडे, विजेरी, पाण्याची बाटली आणि वापरून मऊ झालेल्या जुन्या चपला एवढे पुरते.